रिकाम्या पोटी गाऱ्हाणं

आमच्या वाडीत देवाशी बोलायचं काम माझ्या नवऱ्याकडे आहे. माणसांशी बोलायचं काम त्यांनी कधी घेतलंच नाही. सकाळी चहा, मग काजूच्या बागेत, मग जेवण, मग पुन्हा बागेत. मध्ये मी काही विचारलं तर ‘हूं’. या ‘हूं’चे सात-आठ अर्थ आहेत आणि ते सगळे मला कळतात, अशी त्यांची समजूत आहे. पण देवळात रवळनाथापुढे नारळ हातात घेऊन उभे राहिले आणि “बा देवा म्हाराजा” अशी हाक घातली, की हा तोच माणूस का, असं मला लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं. अजून वाटतं.

गाऱ्हाणं घालणं सोपं नाही. वाडीतल्या प्रत्येक घराचं मागणं ध्यानात ठेवायचं, ते गोड करून देवापुढे मांडायचं, आणि प्रत्येक मागण्यापाठोपाठ सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. पूर्वी मागणी ठरलेली असायची. पाऊस वेळेवर पडू दे, गुरंढोरं धड राहू देत, चाकरमानी सुखरूप परत येऊ देत. आता चाकरमानी आधी फोन करतात. कुणाला फ्लॅटचा ताबा पाहिजे, कुणाला व्हिसा, कुणाला मुलीसाठी पुण्यातलाच मुलगा. गाऱ्हाणं दरसाल लांबतं आणि जेवण दरसाल मागे जातं. फक्त आमच्या घराचं मागणं त्यात नसतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही, असं माझ्या सासऱ्यांनी सांगून ठेवलंय.

त्यांनी आणखी एक सांगून ठेवलंय. गाऱ्हाणं पुरं होईपर्यंत पोटात अन्न जाता कामा नये. कोरा चहा चालतो. चहाला देवाची हरकत का नाही, हे मी विचारायला गेले नाही.

हे सगळं चाललं होतं तसं चाललं असतं, पण यांना साखर निघाली. वाडीत अर्ध्या माणसांना आहे, त्यात नवल नाही. कसालच्या डॉक्टर दीपिकांनी सकाळ-संध्याकाळची गोळी दिली आणि समजावून सांगितलं. गोळी साखर खाली आणते. पोटात अन्न असेल तर बेताने आणते. अन्न नसेल तर ती आणतच राहते, आणि मग हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस भलतंसलतं बोलतो, आणि शेवटी पडतो. म्हणून गोळीनंतर लगेच खायचं. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. मूठभर चणे, एखादी आंबोळी, उसळ, काहीही, पण पोट रिकामं ठेवायचं नाही. उपास असेल तर आधी मला विचारायचं, गोळीचं काय करायचं ते मी सांगेन, असं त्यांनी बजावलं. खिशात साखरेची पुडी ठेवायची. हे “हूं” म्हणाले.

या ‘हूं’चा अर्थ मात्र मला कळला नव्हता. यांनी त्या सगळ्यातून एवढंच घेतलं, की गोळी चुकवायची नाही. गोळी डॉक्टरची, तिथे हयगय नाही. जेवण आपल्या घरचं, ते मागेपुढे झालं तरी चालतं. सोमवारी उपास, गोळी चालू. चतुर्थीला उपास, गोळी चालू. मी अंगणवाडीत नोकरी केली. दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन, चिऊचा घास काऊचा घास करून त्यांना खायला घातलं. यांना मांडीवर घेता येत नाही, एवढीच अडचण होती.

एका सोमवारी कसालच्या बाजारात सुक्या मासळीच्या दुकानात हे बांगड्यांच्या टोपलीत हात घालून उभे राहिले. घ्यायचेही नाहीत आणि हातही काढायचा नाही. दुकानदार मुनीर आमच्या ओळखीचा. त्याच्या आईला, वजीराबींना, हेच दुखणं आहे, त्यामुळे तो वाद घालत बसला नाही. सरळ बाटलीतलं सरबत यांच्या तोंडाला लावलं, भजीपाव खायला घातला आणि स्कूटरवरून घरी आणून सोडलं. जाताना मला म्हणाला, “काकी, काकांचो उपास माणसांका नको झालो आसा. देवाक तरी होयो काय, इचारून बघा.”

मी विचारलं. देवाला नाही, यांना. हे म्हणाले, “बापाशीन केल्यान, मी करतंय.” एका दमात एवढं बोलल्यावर पुढे दोन दिवस घरात शांतता होती. डॉक्टर दीपिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काकी, हे असंच चाललं तर एक दिवस काका उठणार नाहीत.” त्या दिवसापासून मला भीती बसली. रात्री उठून मी यांच्या कपाळाला हात लावून बघायची, घाम आहे का. लोकांना वाटतं, एवढ्या वर्षांनी काय ते प्रेम. प्रेम कसलं, मला चिडायलासुद्धा हा माणूस जिवंत हवा होता.

मग समाराधना आली. समाराधना म्हणजे वाडीचं देवळातलं जेवण. भात, वरण, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, खीर. आधी गाऱ्हाणं, मग देवाला नैवेद्य, मग पंगत. डॉक्टरांना विचारा म्हणून मी आठवडाभर मागे लागले होते. यांनी विचारलं नाही. सकाळी आंघोळ केली, गोळी घेतली, कोरा चहा प्यायले आणि देवळात गेले. मी पदराला साखरेची पुडी बांधून मागोमाग गेले.

बारा वाजता गाऱ्हाणं व्हायचं होतं. पण मुंबईकरांची एक गाडी हायवेला अडकली. देवळाचा कारभार मंगेश बघतो. तो म्हणाला, त्यांचं मागणं आहे आणि ते हजर नाहीत, हे बरं दिसत नाही. थांबलो. गाडी आली. मग त्यांना हातपाय धुवायचे होते. मी चुलीपाशी होते, तिथून यांचं तोंड दिसत होतं. वरच्या ओठावर घाम होता. मी पुडी पाठवली, यांनी ती न उघडता खिशात घातली.

शेवटी गाऱ्हाणं सुरू झालं. सुरुवात नेहमीसारखी झाली. मग यांचा आवाज जरा जड झाला आणि मागणी एकमेकांत शिरायला लागली. बाबलीची म्हैस गाभण राहत नव्हती. देवेशला दुबईचा व्हिसा पाहिजे होता. मंगेशच्या मुलीची बारावी होती.

“बाबलीच्या म्हशीक दुबैचो व्हिसा गावंदे म्हाराजा,” हे म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” वाडी म्हणाली.

“देवेशान दोनय टायमाक भरपूर दूध देवंदे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“मंगेशाची म्हैस बारावी पास होवंदे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” मंगेशही म्हणाला. मंगेशकडे म्हैस नाही.

इतकी वर्षं तेच म्हणायची सवय असल्यामुळे कुणी ऐकतच नव्हतं. मी ऐकत होते. हातातला डाव टाकून मी निघाले तेवढ्यात यांचे हात थरथरायला लागले, नारळ खाली पडून घरंगळत गेला, आणि कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. आनंदीबाई म्हणून आमच्या वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आहेत. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, अवसर इलो. म्हणजे अंगात देव आला. झालं. घंटा बडवायला लागले, कुणी तांदूळ उधळले, सगळे जमिनीला डोकं टेकून बसले. मी धावत पुढे गेले तर मंगेशने मला आडवा हात घातला. देव अंगात असताना शिवायचं नसतं, वयनी मागे व्हा.

मंगेश हात जोडून विचारत होता, “म्हाराजा, आमचा काय चुकला?”

यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतायत. मग म्हणाले, “माका भूक लागली.”

वाडीचा देव वाडीत उपाशी आहे, यापेक्षा वाईट काय ऐकायचं? दोन बायका रडायला लागल्या. मंगेश पुन्हा विचारायला लागला, कसली भूक, कोंबड्याची की नारळाची, की कुणाचा नवस राहिलाय. हे तिथे हलत होते. ही साखर आहे, हे माणूस आहेत, असं मी ओरडून सांगितलं असतं तर मला धरून बाहेर बसवलं असतं. आणि तोपर्यंत हे खाली पडले असते. माझं डोकं फिरलं, पण बोलले ते हळूच बोलले.

“मंगेशा, देव भुकेलो आसा म्हणता आणि तू गजाली मारतंस? जेवक घाल.”

मंगेश म्हणाला, नैवेद्य अजून दाखवला नाही.

“दाखवतलंस कोणाक? जेका दाखवूचो तो हंय उभो आसा.”

हे त्याला पटलं. कुणालाही पटलं असतं. मी नैवेद्याच्या पानावरचा गुळाचा खडा फोडला, पाण्यात कुस्करला आणि यांचं डोकं धरून ते पाणी घोट घोट पाजलं. मग वाटीभर खीर, मग वरणभात. शिवू नको म्हणणारे सगळे बाजूला हात जोडून उभे होते. थोड्या वेळाने यांचं कापणं थांबलं. इकडे तिकडे बघून यांनी विचारलं, नारळ खंय गेलो? मंगेशने वाडीला सांगितलं, देव जेवून गेला.

डॉक्टर दीपिकांना मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसल्या नाहीत. म्हणाल्या, काकांना खरं काय ते सांगा. मी म्हटलं, सांगते. आणि तोंड शिवून बसले.

कारण हे बदलले होते. वाडीतली माणसं वाटेत यांच्या पाया पडायची. हे आधी लाजायचे, मग लाजायचे बंद झाले. एकदा चुलीपाशी बसून आपणहून बोलायला लागले. म्हणाले, इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलतोय. सगळे ‘व्हय’ म्हणतात, तो कधी काही म्हणाला नाही. कधी कधी वाटायचं, पलीकडे कुणी ऐकतंय की मी भिंतीशीच बोलतोय. आता तो बोलला, आणि माझ्याच तोंडाने बोलला. मला त्यातलं काही आठवत नाही, पण बोलला ना! हे सांगताना यांचे डोळे भरले होते. आता अशा माणसाला काय सांगायचं, की देवा-बिवाचं काही नव्हतं, गोळी होती? माझा देवावर विश्वास आहे. पण रवळनाथाला साखर नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

मी गप्प बसले त्याचा परिणाम असा झाला, की उपास नसलेल्या दिवशीही यांनी अकराचं खाणं सोडलं. मग चारचं सोडलं. मी समोर ठेवलेली चण्याची वाटी तशीच परत यायची. देव रिकाम्या पोटी येतो, असं यांनी ठरवलं. वाडीनेही तेच ठरवलं. मंगेश घरी येऊन सांगून गेला, की अमावास्येला तुमच्याच दारच्या खळ्यात बसू, माणसांना देवाला विचारायचंय. यांनी सकाळपासून कडक उपास धरायचा. मी मध्ये तोंड घातलं तर म्हणतो कसा, वयनी, तुमीच तर दाखवल्यात देव खंय उभो आसा तो. वर मला नमस्कार करून गेला. गोळी मात्र चालू होती.

अमावास्येच्या सकाळी यांनी आंघोळ केली, गोळी घेतली. चहासुद्धा नको म्हणाले. खळ्यात माणसं जमायला लागली. बाबली विचारायला आला होता म्हशीचं, देवेशची आई व्हिसाचं. प्रत्येकाच्या हातात नारळ. मी स्वयंपाकघरात आंबोळ्या घालत होते, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. उन्हं वर आली. हे आत पाणी प्यायला आले आणि पेला उचलला तर पाणी हिंदकळून खाली सांडलं. सांडलेल्या पाण्याकडे बघून यांचं तोंड उजळलं. येतोय, असं यांना वाटलं असणार.

मी दाराला कडी घातली.

“तुमी भायर जावच्या आधी ऐका,” मी म्हटलं. “त्या दिवशी देव इल्लो नाय. तुमची साखर उतरल्ली. गोळी घेतल्यात आणि पोटात काय नाय. मुनीराच्या दुकानात बांगड्यात हात घालून उभे रवल्यात, तेव्हाय ह्याच झाल्ला. तेव्हा कोण पाया पडलो नाय, इतकोच फरक. आता पुन्हा तोच घाम इलो हा. तुमी मराल आणि ही माणसा तुमका हळद-कुंकू लावीत बसतली. माका तुमी होये. देव नको, तुमी होये.”

असं मी यांना आजवर कधी बोलले नव्हते. हे उभेच होते. चेहरा हळूहळू उतरत गेला आणि तो उतरताना बघणं मला सोसेना. पण सांगितलेलं मागे घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मग यांनी विचारलं, “मगे ‘माका भूक लागली’ ता कोण बोललो?”

“तुमी.”

“मी?”

“तुमीच.”

हे विचार करत राहिले. मीही करत राहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून पान मांडलं की हे बसायचे, वाढलं तेवढं खायचे आणि उठायचे. मीठ कमी असलं तरी बोलले नाहीत. भात संपला असला तर पाणी पिऊन उठले. भूक लागली, हे शब्द यांच्या तोंडून त्या दिवसाआधी मी ऐकलेच नव्हते. देवाकडे सगळ्या वाडीसाठी मागणारा माणूस, याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. लोकांना तो देव वाटला, यात त्यांची तरी काय चूक?

यांनी कडी काढली आणि खांबाला धरून ओटीवर उभे राहिले. हात चांगलेच कापत होते. ते बघून खळ्यातली माणसं उठली. आनंदीबाईंनी हात जोडले. मंगेशने घंटा उचलली.

“घंटा ठेय, मंगेशा,” हे म्हणाले. “मी परशुराम बोलतंय. देव नाय. माका भूक लागली हा.”

“व्हय म्हाराजा,” मंगेश म्हणाला. मग त्याला कळलं आणि त्याने घंटा खाली ठेवली.

हे तिथेच पायरीवर बसले. मी आधी गूळपाणी दिलं, ते प्यायले. मग पान मांडलं, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. सगळी वाडी नारळ हातात धरून बघत होती आणि हे सावकाश चावून जेवत होते. बाबली नारळ बगलेत मारून निघाला. मग एकेक जण निघाले. देवेशची आई थांबून मला म्हणाली, जेवू दे गो तेंका, आमचा काय, व्हिसा मेलो केव्हातरी येतलो. मंगेश शेवटी गेला. जाताना यांच्या पाया पडावं की पडू नये ते त्याला ठरवता येईना, तेव्हा तो तसाच गेला.

खळं रिकामं झालं. यांनी पानातली शेवटची आंबोळी संपवली आणि पाण्याच्या पेल्याकडे हात नेला. मला वाटलं, आता उठतील. उठले नाहीत. पेला परत ठेवला, पान माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आणखी एक वाड गो.”

मी आत जाऊन तव्यावर पीठ घातलं आणि तिथेच रडत उभी राहिले. आंबोळी एका बाजूने करपली. यांनी ती तशीच खाल्ली.